वाटी कुणाच्या हातानं चालली

फोन आला तेव्हा गिरजाबाईचे दोन्ही हात शाडूनं भरलेले होते. पेणजवळच्या जोह्यातल्या कारखान्यात गणपतीचं काम ऐन भरात आलेलं. मान वाकडी करून तिनं मोबाइल कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरला. पलीकडची बाई दबक्या आवाजात बोलत होती.

"गिरजामावशी, मी फरझाना. खैरवाडीची. तुमच्या अपेक्षाच्या शेजारची. तिचा मोबाइल सासूनं काढून घेतलाय, म्हणून मी करतेय. उद्या अमावास्या हाय. दुपारी तिच्या घरी परत वाटी बसवणारेत. आदर्शला बोलावणार. आणि मावशी, या वेळी तेल पण तापवणारेत."

गिरजाबाईनं हातातला गोळा खाली ठेवला. "कुणासाठी तेल?"

"अपेक्षासाठी. वाटी मागच्या खेपेला तिच्याकडेच गेली. आता परत गेली, तर उकळत्या तेलातून अंगठी काढायची. हात भाजला तर तिनंच आदर्शला खाल्लं, असं ठरणार. तुम्ही या. भावाला तिच्या पाठवू नका, तो हाणामारी करेल. तुम्हीच या."

अपेक्षा म्हणजे गिरजाबाईच्या भावाची मुलगी. रोह्याहून कोलाडकडे जाताना कालव्याच्या काठी खैरवाडी लागते, तिथं दिलेली. नवरा सुजय, सासू अनसूया, सासरे पोपट आणि धाकटा दीर आदर्श, एवढंच घर. आदर्श पावसाळ्याच्या तोंडावर गेला. कंपनीतली शिफ्ट करून बाइकवरून घरी येत होता. कालव्याच्या चिखलात गाडी घसरली आणि गाडीसकट पाण्यात गेला. पोलिसांनी पंचनामा केला, डॉक्टरांनी बुडून मेल्याचं सांगितलं. सगळ्यांनी ते मान्य केलं. आईनं केलं नाही.

खरं तर फरझानानं गिरजाबाईलाच फोन करण्याला कारण होतं. वाटी म्हणजे काय, हे पेण तालुक्यात गिरजाबाईइतकं कुणाला ठाऊक असेल! तरुणपणी तिनं स्वतःच वाटी धरलेली होती.

तिचं सासर खाडीकाठच्या गावात. सासरे नावाजलेले भगत. घरात नवी सून आली तेव्हा त्यांनी तिच्या दोन बोटांखाली काशाची पालथी वाटी ठेवली, उडीद मारले, हाका घातल्या, आणि वाटी सुरू झाली. तांदळाच्या पिठावरून सरसरत निघाली ती थेट, विहीर कुणाच्या करणीनं आटली हे विचारायला आलेल्या माणसाच्या भावाच्या पायाशी जाऊन थांबली. तेव्हापासून लोक गिरजेच्या हाताची वाटी मागायला लागले. मेलेली माणसं बोलवायला, हरवलेलं शोधायला, कुणी करणी केली ते विचारायला. गिरजा खोटं करत नव्हती. कोपरापासून हात गार पडायचा, कुणीतरी मनगट धरून ओढतंय असं वाटायचं, आणि ती रांगत वाटीच्या मागं जायची. ओढणारा मेलेला माणूस आहे, याविषयी तिच्या मनात किंतु नव्हता.

मग एके वर्षी गावात डोळ्यांची साथ आली. गिरजेचे डोळे सुजून बंद झाले, वर ओली पट्टी. पण लांबून माणसं आलेली, सासरे परत पाठवायला तयार नव्हते. त्यांनी तिला तशीच बसवली. हात गार पडला, ओढ लागली, वाटी निघाली, सगळं नेहमीसारखं. पण वाटी गेली ती कणगीवर जाऊन आदळली. परत बसवली, तर भिंतीवर. सासरे म्हणाले, "आज दिवस बरा नाय." लोक निघून गेले.

गिरजेचा विचार मात्र तिथून हलेना. डोळे बरे झाल्यावर, घरात कुणी नसताना, तिनं स्वतःच सुपारी लपवली आणि वाटी धरली. वाटी सुपारीकडे धावली. मग नवऱ्याला सुपारी लपवायला लावली, तेव्हा वाटी घरभर फिरली आणि कुठंच गेली नाही. नवऱ्यानं लपवताना तिनं चोरून पाहिलं, तर मात्र बरोबर गेली. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मनगट कोण ओढत होतं ते तिला कळलं, आणि ती चुलीपुढं बसून रडली. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझी बुद्धी फिरलीय." वाटी धरायला तिनं साफ नकार दिला. घरात रोज भांडणं व्हायला लागली, तेव्हा नवरा-बायको पोराबाळांसह जोह्याला आली आणि मूर्तीच्या कामाला लागली.

त्यानंतर कुठं भुतंखेतं बोलावतात असं कानावर आलं, की गिरजाबाई जाऊन बसायची. हुज्जत घालायची नाही. नुसती बघायची. नागोठण्याजवळ एक भगत लिंबू आपोआप चालवून दाखवत असे. लोक पांगल्यावर तिनं ते लिंबू विळीवर धरलं, तर आतून भुंगा निघाला. कुठं नावं घेतली की सूप फिरायचं, तिथं तिनं सूप धरणाऱ्यांना नावं ऐकू येऊ नयेत म्हणून कानात कापूस घालायला सांगितलं. सूप गप्प. कासू गावात एक पोरगी मेलेल्या आजीच्या आवाजात बोलायची, खोकायची पण तशीच. तिच्यापुढं गिरजाबाई सबंध दुपार बसली आणि काही न बोलता परत आली. पुढं कुणी विचारलं तर म्हणायची, "त्या पोरीचं मला नाय समजलं. आजीच्या कुशीत वाढलेली, येवढंच कळलं."

पण हे सगळं दुसऱ्यांच्या घरी. या वेळी कढई तिच्या भाचीसाठी तापणार होती.

सकाळच्या गाडीनं ती जोह्याजवळच्या हमरापूर स्टेशनवरून निघून रोह्याला उतरली आणि रिक्षा करून खैरवाडीत पोचली. फरझाना कुंपणापाशी वाट बघत होती. तिचा नवरा अय्यूब कुवेतला, घरात ती एकटीच.

"मावशी, पोलिसांना फोन करू का आत्ताच?"

"आत्ता केलास तर ते येणार, सगळे म्हणणार की पूजा हाय, आणि ते जाणार. मग संध्याकाळी दार लावून करतील. तू इथंच उभी राहा. कढई मागच्या दारातून आत येताना दिसली, की लगेच कर."

आत ओटीवर माणसं जमलेली. गावचे पोलीसपाटील खुर्ची टाकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, जणू आपण तिथं नाहीच. माजघरातली खिडकी चादर लावून बंद केलेली, भर दुपारी आत अंधारून आलेलं. पूर्वी शेणानं सारवलेली जमीन असायची, आता लादी. त्यावर जगन भगतानं कॅरमची पावडर भुरभुरली होती. मधे पालथी वाटी. शेजारी आदर्शचा हार घातलेला फोटो. आणि मागच्या पडवीतून, गॅसवर ठेवलेल्या तेलाचा वास.

अपेक्षा भिंतीला टेकून बसली होती. आत्याला बघूनही ती उठली नाही. गिरजाबाई तिच्याजवळ जाऊन टेकली.

"चल गो माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता. कोण अडवतंय बघू."

अपेक्षानं मान हलवली. "नाय आत्या. मी हात घालणार तेलात."

"येडी झालीस?"

"माझ्याच तोंडून गेलं ना. त्या दिवशी बाइकवरून आदर्शचं नि माझं भांडण झालेलं. मी बोलले, जा एकदाचा, परत येऊ नको. आईंनी ऐकलं. आणि तो नाय आला. कदाचित मीच केलं असेल. मला पण कळू दे."

गिरजाबाईनं ओटीवरच्या माणसांकडे बघितलं. बाहेरच्यांशी भांडता आलं असतं. पण पोरीलाच खरं वाटत होतं. आता तिला ओढून नेलं असतं, तरी जन्मभर ती ते डोक्यात घेऊन फिरली असती.

जगन भगतानं गिरजाबाईला ओळखलं होतं. "बस, बाय. पण मधे बोलायचं नाय. आत्मा नाजूक असतो."

"वाटी कोण धरतंय?" तिनं विचारलं.

"मी," अनसूया म्हणाली.

गिरजाबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. गालफडं बसलेली, केस विंचरलेले नाहीत. हिला तिनं लग्नात हिरव्या पैठणीत बघितलं होतं. वाटी आई धरणार आणि आईच्या कानात ते भांडण घुमत असणार. पुढचं सगळं तिला आधीच दिसलं.

भगतानं उडीद फेकले, हाका सुरू केल्या. अनसूयाची दोन बोटं वाटीवर. तिचा श्वास चढत गेला, खांदा थरथरला. "आला! आला माझा आदर्श!" ती किंचाळली आणि वाटी निघाली. पावडरीवर रेघ उमटवत, मधेच वळत, थेट अपेक्षाच्या पायाशी. ओटीवर गलका झाला. पुढच्या बायका मागं सरकल्या. भगत आतल्या दाराकडे वळून ओरडला, "कढई आणा!"

कढईपाशी सुजय उभा होता. तो जागचा हलला नाही, पण तेल तापतच होतं.

"थांबा," गिरजाबाई म्हणाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता. "विहीणबाय, माझं येवढं ऐका. मीपण वाटी धरलीय, तुम्हाला ठाऊक हाय. तुमचा हात गार पडला ना कोपरापासून?"

अनसूयानं मान डोलावली.

"ओढ लागली ना मनगटाला? माझंपण तसंच व्हायचं. तुम्ही खोटं करताय असं मी म्हणत नाय. फक्त एकदा डोळ्यांना पट्टी बांधून धरा."

"आत्म्याला नाय चालत असलं!" जगन भगत पुढं आला.

"का नाय चालत? डोळे यांचे बांधायचे, आदर्शचे नाय. वाटी तो नेतोय ना? त्याला दिसतंय ना सगळं?"

भगत माणसांकडे वळला. मग म्हणाला, "भाचीला वाचवायला आलीय ही. हिला बाहेर काढा." दोन माणसं उठली. एकानं गिरजाबाईचा दंड धरला. तिला वाटलं, संपलं. आता बाहेर काढतील, दार लावतील.

"बांधा पट्टी."

सगळे वळले. पोपट बोलला होता, आदर्शचा बाप. तो कोपऱ्यात गुडघे छातीशी घेऊन बसला होता. पोरगा गेल्यापासून तो घरात असून नसल्यासारखा होता. "मला पण बघायचंय," तो म्हणाला. "तो असेल तर पट्टी बांधून पण येईल. बांधा."

दंडावरचा हात सुटला. गिरजाबाईनं आपल्या पदरानंच अनसूयाचे डोळे बांधले असते, पण भगतानं हेका धरला की कापड त्याचं पाहिजे. "तुझं बांध," ती म्हणाली. "पण घट्ट बांध."

पुन्हा उडीद, पुन्हा हाका. अनसूयाची बोटं वाटीवर. तेवढ्यात गिरजाबाईनं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली, अपेक्षाला हळूच उठवलं आणि आपल्या मागं घेतलं. ती जागा मोकळी ठेवायची असं तिच्या मनात होतं. पण पोपट न बोलता उठला आणि अपेक्षाच्या जागेवर, भिंतीला टेकून बसला. त्याला अडवायला गेली असती तर बोलावं लागलं असतं.

अनसूयाचा खांदा थरथरला. वाटी निघाली. या खेपेला जास्त जोरात, न वळता. अनसूया गुडघ्यांवर रांगत मागं, केस मोकळे, तोंडातून "सांग बाळा, सांग". वाटी थेट पोपटाच्या पायावर आपटली.

"हीच! हीच ती!" अनसूयानं झडप घातली. "काय केलंस गो माझ्या पोराचं?" आणि दोन्ही हातांनी तिनं गुडघा धरला. धरला आणि तिची बोटं थबकली. लेंगा हाताला लागला, हाडकुळा गुडघा लागला. जन्मभराच्या संसारातला गुडघा, तो काय ओळखू येणार नाही? तिनं पट्टी ओढून काढली.

समोर तिचा नवरा होता. मग ओटीवरून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे बापानं?"

भगतानं ते उचललं. "आत्म्यानं बाप दाखवला! आत्मा खोटं बोलत नाय!"

आणि पोपट म्हणाला, "व्हय. मीच. त्याची आई नको म्हणत होती, तरी बाइक मीच घेऊन दिली त्याला. माझाच हात घाला तेलात."

हे गिरजाबाईनं गृहीत धरलंच नव्हतं. भाचीच्या डोक्यावरचं काढलं आणि दुःखानं वेड्या झालेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर घातलं. माणसं पोपटाकडे बघत होती, त्या नजरेत मघाशी अपेक्षासाठी जे होतं तेच आता त्याच्यासाठी होतं. बायकोसुद्धा तशीच बघत होती.

"परत एकदा," गिरजाबाई म्हणाली. "विहीणबाय, हात जोडते. फक्त एकदा. मग मी जाते."

"बस झाला खेळ!" भगत ओरडला.

पण अनसूयानं स्वतःच पट्टी डोळ्यांवर घेतली. तिला आता कळून घ्यायचं होतं, भगतासाठी नाही, गिरजाबाईसाठीही नाही. या वेळी पट्टी गिरजाबाईनं बांधली. मग तिनं पोपटाला हाताला धरून उठवलं, ओटीच्या दारापर्यंत नेलं. त्या भिंतीपाशी कुणी उरलं नाही. भगताला आता हाका घालायचं भान राहिलं नाही.

अनसूयानं बोटं वाटीवर ठेवली. मग वाटी हलली. सावकाश, थांबत थांबत, पण त्याच वाटेनं, पावडरीत आधी उमटलेल्या रेघेच्या बाजूनं. कुणीच नसलेल्या जागेवरून पुढं सरकली आणि भिंतीला लागली. अनसूया ढकलत राहिली. वाटी भिंतीशी करकरत राहिली. शेवटी गिरजाबाईनं जाऊन तिच्या बोटांवर हात ठेवला आणि पट्टी सोडली.

अनसूयानं भिंत बघितली. मग आपली बोटं.

"मीच ढकलत होते?"

"ढकलत नव्हतात. हात जात होता. मनात जिथं ठरलेलं असतं, तिथं तो जातो. आपल्याला कळत पण नाय. माझापण जायचा."

"मग तो आलाच नव्हता?"

या प्रश्नाचं उत्तर गिरजाबाईकडे इतक्या वर्षांत कुणी मागितलं नव्हतं. लिंबातला भुंगा दाखवणं सोपं होतं. ती अनसूयाच्या समोर लादीवर बसली, पावडर लुगड्याला लागली तरी.

"तो कुठं हाय ते मला नाय माहीत. या वाटीत नव्हता, येवढंच माहीत हाय."

अनसूयानं वाटी उचलून तिच्या अंगावर फेकली. खांद्याला लागली. "तेवढा तरी भेटत होता मला! तू आलीस आणि परत नेलास!" ती लादीवर कपाळ टेकून ओरडायला लागली, आणि ते रडणं इतकं उघडंवाघडं होतं की ओटीवरची माणसं एकेक करून उठून चालू लागली.

पडवीत सुजयनं गॅस बंद केला होता. कधी केला, कुणी बघितलं नाही. तो आत आला आणि अपेक्षाजवळ उभा राहिला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

कढई काही आत आली नाही, तरी फरझानाला धीर धरवला नव्हता. तिनं मघाशीच फोन केला होता. पोलिसांची गाडी आली, तोवर जगन भगत मागच्या दारानं वाडीतून निघून गेला होता. पोलीसपाटलांनी मोबाइल खिशात ठेवला आणि साहेबांना सांगितलं की आपण नुकतेच पोचलो. गिरजाबाईनं मात्र जे पाहिलं ते सगळं सांगितलं, भगताच्या नावासकट, तेलासकट, पाटलांच्या खुर्चीसकट. पुढं भगतावर गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर सुटला आणि आता माणगावकडे असतो म्हणतात.

त्या दिवशी अपेक्षा आत्याबरोबर जोह्याला आली. गाडीत ती पूर्ण वेळ स्वतःच्या हाताकडे बघत होती. पेण मागं पडल्यावर म्हणाली, "आत्या, भिंतीपाशी वाटी गेली तेव्हा मला आधी हायसं वाटलं. मग लाज वाटली." गिरजाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

गणपती झाल्यावर सुजय तिला न्यायला आला. अपेक्षानं चहा केला आणि म्हणाली, "मी येईन, पण खैरवाडीला नाय. आणि तू तिथं कढईपाशी का उभा होतास, ते आधी सांग." सुजयला ते सांगायला दोन-तीन फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटी रोह्यात खोली घेतली, तेव्हा ती गेली. दोघांचं बरं चाललंय असं गिरजाबाई सांगते, आणि त्यापुढं खोलात जात नाही.

अनसूया तिच्याशी कधी बोलेल अशी गिरजाबाईला आशा नव्हती. पण भाताच्या कापण्या उरकल्यावर एके दुपारी पोपट तिला घेऊन कारखान्याच्या दारात उभा राहिला. "घरात बसवत नाय तिला," तो म्हणाला, "म्हणून आणली." गिरजाबाईनं पाट दिला, पाणी दिलं. अनसूया मूर्तींच्या रांगांकडे बघत राहिली. मग हात न लावता विचारलं, "वाटी सोडलीत, तेव्हा तुम्हाला एकटं नाय वाटलं?"

"वाटलं," गिरजाबाई म्हणाली. "फार वाटलं. सासऱ्यांच्या घरी माणसं मला हात जोडायची. आणि रात्री मला वाटायचं, इतकी मेलेली माणसं माझ्या ओळखीची हायत. एका दिवसात कुणीच राहिलं नाय."

"मग काय केलंत?"

"काय करणार? हे काम धरलं."

अनसूयानं मान हलवली. तिला ते पुरेसं वाटलं की नाही, कळलं नाही. थोड्या वेळानं तिनं पदर खोचला आणि समोरच्या कच्च्या मूर्तीवर पॉलिश पेपर कसा मारायचा ते विचारलं. गिरजाबाईनं दाखवलं. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा पोपट उठून उभा राहिला. अनसूया म्हणाली, "तुम्ही जा. मी राहते इथं चार दिवस."